८४ वॅट-तासांत माशांची एक रात्र

रात्री अकराला लाईट गेली आणि पहाटे सहाला आली. मधल्या सात तासांत माझ्या शंभर लिटरच्या टाकीतले सात मासे गेले. टाकीला यूपीएस जोडलेला होता, म्हणून मी निवांत झोपलो होतो. तो बिचारा थोडा वेळ टीव-टीव करून गप्प झाला असणार. मला जागही आली नाही.

चूक यूपीएसची नव्हती. हवेचा पंप, फिल्टर आणि १०० वॅटचा हीटर, तिन्ही मी त्याच्याच गळ्यात बांधले होते. त्याच्या पोटातली बॅटरी १२ व्होल्टची आणि ७ ॲम्पिअर-तासांची. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की बॅटरीतली एकूण शिदोरी कळते: ८४ वॅट-तास. हीटरनं ती तासाभराच्या आतच संपवली, आणि माशांना ज्याची खरी गरज होती त्या हवेसाठी काहीच उरलं नाही.

तो हिशोब मी नंतर कागदावर मांडला आणि फार हळहळलो. शंभर लिटर पाणी एका अंशानं तापवायला सुमारे ११६ वॅट-तास लागतात. म्हणजे ती अख्खी बॅटरी हीटरला दिली तरी टाकी एक अंशानंही तापत नाही. पण याच आकड्याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. पाणी एक अंशानं निवायचं तर तेवढीच उष्णता बाहेर जावी लागते, आणि ती सावकाश जाते. टाकी स्वतःच उष्णतेचं कोठार असते. थंडी असेल तर काचेभोवती जाड कांबळं गुंडाळावं आणि वरची बाजू उघडी ठेवावी. काही तासांसाठी तेवढं पुरतं. प्राणवायूचं मात्र असं कोठार टाकीत नसतं.

२५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. आपण श्वासात घेतो त्या एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. मासे आपल्या तिसाव्या हिश्श्यावर जगतात. पाणी ३० अंशांवर गेलं की तो ७.६ वर येतो, आणि समुद्राच्या पाण्यात २५ अंशांनाच ६.७ च्या आसपास असतो. त्यातच पाणी गरम झालं की माशांच्या शरीरातले व्यवहार वेगानं चालतात आणि त्यांना प्राणवायू जास्त लागतो. उन्हाळ्यात वीज जाणं म्हणूनच जास्त घातक: साठा कमी आणि खर्च मोठा.

खर्च किती, याचा ढोबळ अंदाज काढता येतो. एक किलो वजनाचे लहान मासे तासाला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम प्राणवायू घेतात. शंभर लिटरच्या टाकीत सगळे मिळून २०० ग्रॅमचे मासे असतील तर ताशी ४० ते ८० मिलिग्रॅम. पूर्ण भरलेला साठा ८०० च्या आसपास. वरून नवा प्राणवायू आलाच नाही तर पाच ते दहा तासांत तो निम्म्यावर येईल. पण खाणारे फक्त मासे नसतात. अंधारात पाणवनस्पती प्राणवायू बनवत नाहीत, उलट घेतात. तळाची घाण कुजवणारे जिवाणू घेतात. माझ्या टाकीत झाडं भरपूर होती आणि मासेही जरा जास्तच. रात्र सुरू झाली तेव्हाच साठा भरलेला नसणार.

वरची हवा पाण्याला चिकटून असते, मग प्राणवायू आपोआप खाली का जात नाही? जातो, पण रेणूरेणूनं सरकत. पाण्यातलं हे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असतं. पाणी अगदी निश्चल असेल तर पृष्ठभागावरून ३० सेंटिमीटर खोल पोचायला प्राणवायूच्या रेणूला सरासरी आठ महिने लागतील! म्हणून पंपाचं खरं काम पाण्यात हवा कोंबणं हे नाही. एअर स्टोनमधून (पंपाच्या नळीच्या टोकाला लावलेल्या सच्छिद्र दगडातून) निघालेले बुडबुडे क्षणभरात वर येऊन फुटतात, तेवढ्या वेळात त्यांच्यातून थोडाच प्राणवायू विरघळतो. पण वर चढताना ते तळाचं पाणी सोबत ओढून आणतात, आणि ते पाणी पृष्ठभागावर पसरून हवेशी भेटतं. वीज गेल्यावर मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात ते याचसाठी: हवेला टेकलेल्या पातळ थरातच काय तो प्राणवायू शिल्लक असतो. फायटर आणि गुरामी या जातींच्या माशांच्या डोक्यात हवेतून श्वास घेणारं खास इंद्रिय असतं, त्यामुळे ते तग धरतात. माझ्या टाकीतला गुरामी वाचला.

म्हणजे लाईट गेल्यावर टाकीला हवी असते ती पाण्याची हालचाल, तीही माफक. दिवा, हीटर, मोठा फिल्टर यांना त्या यादीत जागा नाही. आणि पाणी हलवायला ५ वॅट पुष्कळ झाले.

बॅकअप बनवताना सगळ्यांच्या मनात आधी इन्व्हर्टर येतो. लहान कामाला तो महाग पडतो, कारण काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी तो स्वतःच पाच-दहा वॅट खातो. समजा तो १० वॅट खातो आणि ५ वॅटच्या पंपाला वीज पुरवताना आणखी थोडी वाया घालवतो. बॅटरीतून सुमारे १६ वॅट जातील. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही असं धरलं तर आपल्या हाती ४२ वॅट-तास, म्हणजे जेमतेम अडीच तास. तेवढेच ५ वॅट घेणारा १२ व्होल्टचा डीसी, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर चालणारा, हवेचा पंप थेट बॅटरीला जोडला तर आठ तास. बॅटरी तीच, बुडबुडे तेच. स्वस्त इन्व्हर्टरचा आणखी एक दोष म्हणजे त्यांच्यातून निघणारी वीज गुळगुळीत लाटेसारखी नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. पाण्यात बुडणाऱ्या पंपांमधली चुंबकी चकती विजेच्या लाटेबरोबर फिरते. अशा पायऱ्यांवर ती घरघरते आणि पंप तापतो.

रोजचा घरचा एअर पंप बॅटरीला जोडता येत नाही, हे लक्षात ठेवा. त्यातल्या विद्युतचुंबकासमोर एक दांडी असते, ती विजेच्या आलटून-पालटून वाहण्याबरोबर थरथरते आणि रबरी पडदा वरखाली करते. बॅटरीचा करंट एकाच दिशेनं वाहतो, दांडी एकदा चिकटेल आणि तिथेच राहील. बॅकअपसाठी पंप वेगळा, डीसीचाच घ्यायचा.

आता लाईट गेल्याचं पंपाला कळणार कसं? इथे मला रिले फार आवडतो. तो साधा आहे आणि बिघडला तरी माशांच्या बाजूनं बिघडतो. रिले म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच: आत एक कॉइल (तारेचं वेटोळं), आणि तीन टोकं, कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. कॉइलला वीज नसते तेव्हा कॉमन हे नॉर्मली क्लोज्डला चिकटलेलं असतं. आपल्याला हेच हवं आहे. १२ व्होल्टचा एक छोटा ॲडॉप्टर नेहमीचा फिल्टर ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डात लावायचा आणि त्याची वीज फक्त रिलेच्या कॉइलला द्यायची. बॅटरीच्या धन टोकाकडून वायर फ्यूजमधून कॉमनला, नॉर्मली क्लोज्डमधून पंपाच्या धन टोकाला. पंपाचं ऋण टोक बॅटरीच्या ऋणाला. लाईट आहे तोवर कॉइल स्विच ओढून धरते आणि पंप बंद. लाईट गेली की स्प्रिंग स्विच सोडते, टक् असा आवाज होतो आणि बुडबुडे सुरू. ॲडॉप्टर जळला किंवा कॉइल तुटली तरीही पंप चालूच होतो. शिवाय या जोडणीत घरच्या विजेच्या वायरला कुठेही हात लावावा लागत नाही, जे काही जोडायचं ते १२ व्होल्टवर. पाण्याशेजारी काम करताना हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

फ्यूज विसरू नका. एवढीशी ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरीसुद्धा शॉर्ट झाल्यास क्षणभर शंभरहून जास्त ॲम्पिअर सोडू शकते; बारीक वायर लाल होऊन आग लागायला तेवढं पुरेसं आहे. आपला पंप अर्धा ॲम्पिअरही घेत नाही, म्हणून २ ॲम्पिअरचा फ्यूज ठीक. तो बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून बसवायचा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर शॉर्ट झाली तर तो काहीच करू शकत नाही.

बॅटरी कोणती? गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शोधलेली लेड-ॲसिड बॅटरी या कामाला अजूनही उत्तम आहे, कारण तिला वर्षाचे बहुतेक दिवस भरलेल्या अवस्थेत नुसतं वाट पाहत बसायचं असतं, आणि तिला ते मानवतं. सीलबंद प्रकारची घ्यावी. गाडी सुरू करण्याची बॅटरी नको. ती क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते, हळूहळू खोल उपसली की तिच्या प्लेटा लवकर खराब होतात. चार्जर असा हवा की बॅटरी भरल्यावर १३.५ ते १३.८ व्होल्टवर स्थिर राहील. बॅटरी रिकामी तशीच पडू दिली तर प्लेटांवर लेड सल्फेटचे टणक स्फटिक धरतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. म्हणून खूप लांबलेल्या रात्रींसाठी, व्होल्टेज फार खाली गेल्यावर जोडणी तोडणारा छोटा सर्किट बोर्ड मध्ये घालावा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी याच क्षमतेत हलकी असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण तिला तिचाच चार्जर आणि आत संरक्षक सर्किट हवं. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सुटे लिथियम सेल जोडून बॅटरी बनवण्याच्या भानगडीत पडू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

बॅटरी आणि पंप टाकीच्या थेट खाली ठेवू नयेत. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर तो थांबल्यावर नळीतून पाणी उलटं वाहत पंपात आणि तिथून जमिनीवर येतं. नळीत एकदिशा झडप घाला. बॅटरीची जागा हवेशीर असावी. जास्त चार्ज झाल्यास तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीनं पेटू शकतो.

एअर स्टोन किती खोल सोडायचा यालाही अर्थ आहे. पाण्याची खोली दर दहा सेंटिमीटरला सुमारे एक किलोपास्कल दाब वाढवते, आणि छोट्या पंपाला तो जाणवतो. बॅकअपचा स्टोन मी मध्यावर टांगतो. रात्र लांबणार असं दिसलं तर पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद असा टायमर लावला की तीच बॅटरी जवळपास तिप्पट पुरते. विरळ मासे असलेल्या टाकीला तेवढं चालतं. आणि लाईट नसताना खायला घालू नका. पचनालाही प्राणवायू लागतो.

फिल्टरबद्दल सांगायलाच हवं, कारण त्या सकाळी माझी दुसरी चूक तिथे झाली. फिल्टरच्या स्पंजात माशांच्या उत्सर्गातल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास त्यांचं काम उलगडलं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे या जिवाणूंना साडेचार ग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू लागतो, एवढे ते हवेचे भुकेले. बंद डब्याच्या फिल्टरमधलं पाणी थांबलं की आतला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि साचलेली घाण हवेविना कुजायला लागते. लाईट आली, माझा फिल्टर आपोआप सुरू झाला आणि ते काळपट, वास मारणारं पाणी थेट टाकीत आलं. उरलेल्यांपैकी आणखी एक मासा त्या दिवशी गेला. आता तासन्‌तास लाईट नसली तर मी फिल्टरचा प्लग आधीच काढून ठेवतो, डब्यातलं पाणी फेकतो, स्पंज टाकीच्याच पाण्यात हलक्या हातानं खळबळतो आणि मगच तो सुरू करतो. एक स्पंज फिल्टर बॅकअपच्या हवेच्या नळीला जोडला तर निदान तिथले जिवाणू रात्रभर जिवंत राहतात. माझ्या टाकीत आता तसाच आहे.

बॅटरीवर मी बसवल्याची तारीख लिहिली आहे. सीलबंद बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते, उष्ण जागी त्याहून कमी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बोर्डाचं बटण बंद करतो, रिलेचा आवाज ऐकतो, बुडबुडे येतात ते पाहतो आणि दोन तास पंप तसाच चालू देतो. मग मल्टीमीटर लावून बॅटरीचं व्होल्टेज मोजतो. एरवी १२.५ च्या आसपास येणारा आकडा गेल्या महिन्यात १२.१ आला, म्हणून नवी बॅटरी आणून ठेवली आहे.