आधी बी, मग बोलणं

सोळा-सतरा वर्षांच्या गप्प मुलाला खुर्चीत समोर बसवून ‘तुला नेमकं काय होतंय?’ असं विचारलं, की बहुधा खांदे उडवले जातात आणि संभाषण तिथंच संपतं. त्याच्या शेजारी बसून दोघांनी मिळून कुंडीत माती भरायला घेतली, तर गोष्ट बदलते. नजरेला नजर द्यावी लागत नाही, हात कामात असतात, गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. हॉर्टिकल्चरल थेरपी, म्हणजे बागकामातून उपचार, या साध्या सोयीचा चांगला उपयोग करून घेते.

मात्र बागेत वेळ घालवणं म्हणजे थेरपी नव्हे. थेरपीत प्रशिक्षित व्यक्ती असते, त्या मुलासाठी ठरवलेलं उद्दिष्ट असतं (‘आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी घराबाहेर पडणं’ इतकं छोटंसुद्धा चालतं) आणि प्रगतीची नोंद ठेवली जाते. हे तिन्ही नसेल, तर तो छंद. छंदही चांगलाच, पण त्याला उपचार म्हणू नये.

कल्पना जुनी आहे. मनोरुग्णांपैकी जे बागेत खणतात, अंगमेहनत करतात ते अनेकदा बरे होतात, असं निरीक्षण अमेरिकेतले डॉक्टर बेंजामिन रश यांनी 1812 मध्ये नोंदवलं होतं. 1984 मध्ये रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हा अभ्यास इतक्या ठिकाणी उद्धृत होतो, की तो खिडकीबद्दल होता, बागकामाबद्दल नव्हे, हे लोक विसरतात. हातांनी काम करण्याबद्दल 2011 चा नेदरलँड्समधला प्रयोग जास्त उपयोगी आहे. मुद्दाम ताण दिल्यानंतर काहींनी अर्धा तास बागकाम केलं, काहींनी घरात वाचन. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, दोन्ही गटांत उतरलं, बागकाम करणाऱ्यांत अधिक. पण सहभागी अवघे 30, आणि तेही आधीपासून बाग करणारे. ‘मातीतले जंतू मन आनंदी करतात’ हा लाडका दावा मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांवर उभा आहे; त्याच्या भरवशावर कोणाची औषधं बंद करू नयेत.

मग नेमकं काम कशानं होतं? नैराश्यात ‘बरं वाटलं की करीन’ असं म्हणत माणूस अडकतो, आणि काहीच न केल्यानं आणखी खचतो. मानसोपचारात हा क्रम उलटा करतात: आधी छोटी कृती, मग मूड. बी पेरणं ही अशीच कृती. तिचा परिणाम चार-पाच दिवसांत डोळ्यांना दिसतो आणि त्यासाठी कोणाच्या शाबासकीची गरज नसते.

म्हणून पहिलं पीक निवडताना चूक परवडत नाही. टोमॅटो सगळ्यांना हवा असतो, पण फळाला दोन-तीन महिने लागतात आणि मधल्या काळात कीड येते. सुरुवातीला लाल गोल मुळा घ्यावा. खाली भोकं असलेली 20 सेंमी खोल कुंडी. दोन भाग माती, एक भाग नीट कुजलेलं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). बी एक सेंटिमीटर खोल. साधारण 3 ते 6 दिवसांत कोंब, अनुकूल हवेत 25 ते 30 दिवसांत मुळा. सत्र तासाभराचं, गटात सहा ते आठ जण, सलग आठ-दहा आठवडे. प्रत्येकानं दोन कुंड्या पेराव्यात, आठवड्याच्या अंतरानं.

दुसरी कुंडी का, ते लवकरच कळतं. चिंताग्रस्त मुलं पाणी फार घालतात. मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात, बुरशी लागते. रोपाचा देठ मातीलगत बारीक होऊन रातोरात आडवा पडतो. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. पानं भरपूर पण मुळा धरतच नाही, यामागे दाटी, कमी ऊन किंवा नत्र जास्त झालेलं असतं. दाटी टाळायला दोन रोपांत चार-पाच सेंमी अंतर ठेवून बाकीची धडधाकट रोपं उपटावी लागतात. काहींना हे फार जड जातं. तिथं घाई करू नये; ‘मी कोणाच्या तरी वाट्याची जागा अडवतोय’ असं वाक्य बहुधा अशाच वेळी निघतं.

रोप मेलं, की थेरपिस्टनं गुपचूप नवं आणून ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. मुलांना ते कळतं. मेलेलं रोप उपटून मुळं एकत्र पाहावीत: काळी-मऊ म्हणजे पाणी जास्त झालं. ‘माझ्या हातून सगळं बिघडतंच’ या समजुतीला इथं एक तपासता येण्यासारखं कारण मिळतं, आणि दुसरी कुंडी शेजारीच असते.

सुरक्षिततेत ढिलाई नको. कात्र्या-खुरपी सत्राआधी आणि नंतर मोजावीत, विशेषतः गटात स्वतःला इजा करणारं कोणी असेल तर. कीटकनाशक आवारातच ठेवू नये. कण्हेर, धोतरा, एरंड लावू नयेत. कंपोस्टची पिशवी चेहऱ्यापासून दूर धरून उघडावी आणि कंपोस्ट ओलसर करून हाताळावं; त्याच्या धुळीतून लिजिओनेला जंतूचा संसर्ग होऊ शकतो. धनुर्वाताची लस झाली आहे का, हे विचारावं. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी कमी झालं, तर औषधाची रक्तातली पातळी धोकादायक चढू शकते. काही अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरच्या) औषधांत उष्णता सोसत नाही. म्हणून सावली आणि पिण्याचं पाणी हवंच. आत्महत्येचा उल्लेख झाला, तर बागकाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचावं.

जबरदस्तीनं ‘निसर्गात नेऊन सुधारणं’ ही वेगळीच गोष्ट आहे. 2007 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेनं किशोरांसाठीच्या खासगी निवासी कार्यक्रमांतल्या, रानावनातली शिबिरंही धरून, 10 मृत्यूंची प्रकरणं तपासली. त्यांत अननुभवी कर्मचारी आणि हेळसांड वारंवार दिसली. मुलाला ‘नाही’ म्हणायची मुभा नसेल, तर पालकांनी तिथूनच परतावं.

अठरा-वीस वर्षांच्यांना कुंडी पोरकट वाटू शकते. त्यांना रोपवाटिकेची वही, पाण्याची पाळी किंवा लहानांना शिकवण्याचं काम द्यावं. शेवटची दोन-तीन सत्रं निरोपाची असतात: पुदिन्याची दहा सेंमीची फांदी, खालची पानं काढून, पाण्याच्या ग्लासात ठेवायची. आठवड्या-दीड आठवड्यात मुळं फुटली, की ती घरच्या कुंडीत लावायची आणि आपण घरी नसू तेव्हा पाणी कोण घालणार, त्याचं नाव आधीच ठरवायचं.