चढ वेगळा, विरळ हवा वेगळी: साताऱ्याची हाफ आणि लेहची हाफ

मागच्या रविवारी पुण्यात तळजाई टेकडीवर लाँग रन संपवून आम्ही चहाच्या टपरीवर उभे होतो. ग्रुपमधल्या एकाने विचारलं, "मुंबईला माझी हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, २ तासांत होते, साताऱ्याला २:१५ लागले. लेहच्या हाफच्या रस्त्याला साताऱ्याच्या यवतेश्वरसारखा घाट नाही. म्हणजे तिथे २:१० धरायला हरकत नाही ना? उंचीवर पळायची सवय तर झालीच आहे."

गडबड 'उंची' या शब्दात आहे. एक उंची आपण पायांनी चढतो, दुसरी उंची म्हणजे आपण समुद्रसपाटीपासून किती वर उभे आहोत ती. दोन्हींमुळे वेळ वाढते, दोन्हींत धाप लागते, त्यामुळे हिशोबही एकच समजला जातो. प्रत्यक्षात एकीचा सराव दुसरीला फारसा कामी येत नाही.

सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे. पावसाळ्याच्या शेवटी होणाऱ्या तिथल्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि त्याच रस्त्याने परतायचं. वर पोहोचलो तरी हवा आपल्याला झेपणारीच असते. परीक्षा असते ती पिंढऱ्यांची आणि मांड्यांची. इटलीचे अल्बर्टो मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवर मोजलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, ५ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर चढताना, सपाटीपेक्षा साधारण ३० टक्के जास्त ऊर्जा लागते. तेवढ्याच उतारावर ती सुमारे पाव हिश्शाने कमी लागते. कागदावर वजाबाकी केली तर जाऊन-येऊन तोटा थोडाच दिसतो.

पण उतारावर तो पाव हिस्सा पूर्ण वसूल होत नाही. तिथे दम शिल्लक असतो, पण पाय तेवढ्या वेगाने पडत नाहीत. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. ओल्या डांबरावर, वळणावर, गर्दीत आपण आपोआप आखडतो. त्यात चढताना ज्याने घाई केली, त्याचे पाय उतरायला लागेपर्यंत संपलेले असतात. आमच्या मित्राची १५ मिनिटं अशीच गेली. बरीचशी वर जाताना, आणि काही, ज्यांचा त्याला पत्ताच नाही, खाली येताना.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या ६५ टक्क्यांच्या आसपास असतो. श्वास तेवढाच मोठा घेतला तरी त्यातून रक्तात कमी ऑक्सिजन पोहोचतो. घाटात दोन मिनिटं चाललात की दम परत येतो. लेहमध्ये पहिल्या दिवशी बुटाची नाडी बांधायला वाकून सरळ झालात तरी दोन-तीन खोल श्वास घ्यावे लागतात, आणि रस्ता तर सपाट असतो.

व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, दर १,००० मीटरमागे साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटतो. दुसरा जुना ठोकताळा असा, की १,५०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला ३ टक्के धरायचे. लेहसाठी दोन्हींचं उत्तर २० टक्क्यांच्या आसपास येतं. वेळ मात्र सहसा तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही. १९६८ चं मेक्सिको सिटी ऑलिंपिक २,२४० मीटरवर झालं. १०,००० मीटरचा विश्वविक्रम तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कचा होता, २७:३९.४. केनियाच्या नफ्ताली टेमूने ती शर्यत जिंकली २९:२७.४ मध्ये, म्हणजे विक्रमापेक्षा साडेसहा टक्के हळू. क्लार्क स्वतः सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. ऑलिंपिक फायनल डावपेचांनी पळली जाते हे खरं, तरी अंदाज यायला हे उदाहरण पुरेसं आहे.

म्हणून लेहसाठी मी १० ते २० टक्के धरतो. २ तासांची हाफ तिथे २:१२ ते २:२४ होईल, तीही फक्त हवेमुळे. लेह शहर सिंधूच्या पात्रापेक्षा बरंच वर वसलं आहे, त्यामुळे तिथेही चढ चुकत नाही आणि तो यात धरलेला नाही. मित्राचे २:१० इथेच निकालात निघतात.

दहा टक्के की वीस, हे बहुतांशी आपण किती दिवस आधी पोहोचलो यावर ठरतं. पहिल्या काही दिवसांत श्वासाचा वेग वाढतो आणि शरीर त्याला जुळवून घेतं. नव्या लाल पेशी पुरेशा तयार व्हायला आठवडे लागतात. घड्याळातला किंवा स्ट्राव्हा या ॲपवरचा चढ धरून सुधारलेला पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) यातलं काहीच ओळखत नाही, तो फक्त रस्त्याचा तिरपेपणा पाहतो. साताऱ्यासाठी तो कामाचा आहे. लेहच्या सपाट किलोमीटरला तो तुम्हाला नुसतंच 'हळू' ठरवेल.

अधिकृत नियमही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. जागतिक विक्रमासाठी रस्त्याचा एकूण उतार किलोमीटरमागे १ मीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे हाफला जेमतेम २१ मीटर. शर्यत समुद्रसपाटीपासून किती उंचावर असावी याला मात्र मर्यादा नाही. बोस्टन मॅरेथॉनला प्रवेश मिळवायला दुसऱ्या शर्यतीतली वेळ दाखवावी लागते; तिनेही २०२७ च्या प्रवेशापासून फार उताराच्या शर्यतींच्या वेळेत मिनिटं वाढवायचं ठरवलं आहे. विरळ हवेत पळाल्याबद्दल सूट नाही.

आणखी एक. लेहची वेळ उलटी फिरवून "म्हणजे मुंबईत मी इतक्यात करीन" असं कृपया काढू नका. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, लेहच्या कोरड्या हवेत तो आलेला कळतही नाही. त्यामुळे तुलना दोन्ही बाजूंनी बिघडते.

वेळेपेक्षा मला काळजी वाटते ती "सवय झालीच आहे" या वाक्याची. उंचीचा त्रास फिटनेस पाहून येत नाही. उलट चांगला पळणारा पहिल्याच दिवशी "जरा पाय मोकळे करतो" म्हणून बाहेर पडतो आणि फसतो. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस नुसता आराम करा. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर पळायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, ग्रुपवर नाही.

मित्राचं तिकीट शर्यतीच्या तीन दिवस आधीचं होतं. चहा संपेपर्यंत त्याने ते बदलून दहा दिवस आधीचं केलं, आणि २:१० चं २:३० केलं. मेहनत धरली तर ही वेळ साताऱ्याच्या २:१५ पेक्षा हळू नाही, हे मात्र त्याला अजून नीट पटलेलं नाही.