पेंढा मुरवला, पण लिग्निनचं काय?

भाताचा पेंढा, गव्हाचं काड, मक्याची ताटं. धान्य काढून घेतल्यावर जे उरतं, त्यात सेल्युलोज भरपूर असतं. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. ती आपल्याला पचत नाही, पण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव ती तोडतात. तरीही नुसत्या पेंढ्यावर जनावर खंगतं, कारण सेल्युलोजभोवती लिग्निनचा चिवट गिलावा असतो. शिवाय पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ४ टक्के; सूक्ष्मजीवांना नीट काम करायला चाऱ्यात ७ टक्क्यांच्या आसपास लागतात.

मग मुरघास करावा? हवा काढून दाबलेल्या चाऱ्यात जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू (पीएच, आंबटपणाचं माप) ४ च्या जवळ उतरतो आणि सडवणारे जंतू थांबतात. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ विर्तानेन तर जिवाणूंची वाट न बघता चाऱ्यात थेट आम्लच घालत. त्यांना १९४५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या पद्धतीचाही वाटा होता. वाळल्या पेंढ्यात मात्र ना ओल, ना साखर. म्हणून पाणी आणि थोडी मळी घालावी लागते, किंवा फळांच्या ओल्या चोथ्यात तो मिसळावा लागतो. नाहीतर ब्युटिरिक आम्लाचा उग्र वास सुटतो आणि जनावर तोंड फिरवतं.

गंमत पुढे आहे. नुसतं लॅक्टिक आम्ल झालेला, म्हणजे उत्तम वाटणारा मुरघास खड्डा उघडल्यावर लवकर तापतो, कारण हवा लागताच यीस्ट तेच आम्ल खाऊ लागतं. त्यासाठी ‘बुकनेरी’ हा जिवाणू मिसळतात. तो काही लॅक्टिक आम्लाचं ॲसेटिक आम्ल करतो आणि यीस्टला ते सोसत नाही.

पण हे सगळं झालं टिकवणं. लिग्निन जागच्या जागीच राहतं, आणि मुरवलं की चारा सुधारला, ही समजूत इथेच फसते. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडला आणि तीन आठवडे हवाबंद ठेवला, तर सुटणारा अमोनिया लिग्निनचे काही बंध सोडवतो आणि सूक्ष्मजीवांना प्रथिनं बनवायला लागणारा नायट्रोजनही वाढवतो. (हे आम्लाच्या नेमकं उलट, अल्कधर्मी काम, मुरघासाशी त्याची गल्लत नको. युरियाचे खडे राहिले तर विषबाधा होते.)

लिग्निन खरोखर कुरतडतात त्या पांढरी कूज आणणाऱ्या बुरश्या. धिंगरी अळिंबी त्यांच्यातलीच. त्यांना हवा लागते, वेळ लागतो, आणि लिग्निन फोडता फोडता त्या जनावराच्या वाट्याचं थोडं सेल्युलोजही खाऊन टाकतात.