नकाशातला आकडा उतरला, तर चूक पिकाची की कॅमेऱ्याची?

कारखान्यावर ऊस घालताना काटा तपासलेला आहे ना, हे आपण विचारतोच. आम्ही पाठवतो त्या पिकाच्या हिरवाईच्या नकाशाबद्दलही तुम्ही तेच विचारावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

हे नकाशे सेंटिनेल-२ आणि लँडसॅट ८ व ९ या उपग्रहांच्या चित्रांवरून बनतात. लँडसॅट ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरतो. तिथल्या अतिनील किरणांनी कॅमेऱ्याची नजर हळूहळू बदलू शकते. काट्यावर शिक्क्याची वजनं ठेवून बघता येतं. तिथं माणूस पोहोचत नाही, म्हणून वजनं सोबतच दिली आहेत.

लँडसॅट ८ मध्ये दोन पांढरे तक्ते आहेत. त्यांवर पडलेलं ऊन कॅमेरा मोजतो. पण उन्हानं तक्तासुद्धा खराब होतो. म्हणून एकच नेहमीच्या तपासणीला वापरतात, दुसरा झाकून ठेवतात आणि साधारण सहा महिन्यांनी उघडून पहिल्याशी ताडून बघतात. शिवाय दर महिन्याला पौर्णिमेच्या आसपास उपग्रह वळवून चंद्र टिपतात. चंद्रावर ना हवा, ना पाऊस, ना गवत. त्याचा पृष्ठभाग बदलतच नाही म्हटलं तरी चालेल. याहून भरवशाचं वजन कुठलं? लिबियाच्या वाळवंटातले काही पट्टेही याच कामी येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर नवा लँडसॅट ९ लँडसॅट ८ च्या खालून गेला, तेव्हा दोघांनी जवळपास एकाच वेळी तीच जमीन टिपली आणि आकडे जुळवता आले.

आता आमच्या बाजूची जबाबदारी. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या चित्रांत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा करायचे राहिले, तर लाल प्रकाशाचा आकडा ४०० आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाचा ३६०० असलेल्या चांगल्या पिकाचा हिरवाईचा निर्देशांक (दोन्हींतला फरक भागिले बेरीज) ०.८० ऐवजी ०.५३ दिसतो. उभं पीक आजारी ठरतं! आम्ही प्रत्येक चित्राची आवृत्ती बघूनच हिशोब करतो. दुसऱ्या ॲपचा आकडा आमच्याशी जुळला नाही, तर त्यांना हे जरूर विचारा.

कॅमेरा बदलतो तो वर्षांच्या हिशोबानं. आठवड्यात आकडा घसरला, तर आधी पातळ ढगाची शंका घ्या. शेजारच्या शेतांचाही उतरला असेल, तर बहुधा ढगच. फक्त तुमच्याच एका कोपऱ्यात उतरला असेल, तर त्याच दिवशी तिथं जाऊन पानं, ठिबकच्या नळ्या बघा आणि आम्हाला फोटो पाठवा.