सेकंडरी नॅनोबॉडीची पार्श्वभूमी

पेशीतले एखादे प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली रंगाने उठून दिसावे म्हणून त्याला चिकटणारी अँटिबॉडी (प्रतिपिंड) वापरतात, ती प्रायमरी. तिला धरणाऱ्या सेकंडरी अँटिबॉडीची पद्धत 1950च्या दशकातली. रंग प्रायमरीला न जोडता तिला ओळखणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीला जोडला, की एका रंगीत बाटलीवर असंख्य प्रायमरी निभावतात. या सोयीपोटी शेळ्या-गाढवांच्या रक्तातून येणारा अनेक अँटिबॉडींचा मिश्र (पॉलिक्लोनल) माल चालवून घेतला गेला. बॅच बदलली की पडताळणी पुन्हा पहिल्यापासून.

1993 मध्ये उंटाच्या रक्तातल्या, हलकी साखळी (अँटिबॉडीचा लहान घटक) नसलेल्या अँटिबॉडींचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांचा लक्ष्य पकडणारा तुकडा जेमतेम 15 किलोडाल्टनचा (रेणूच्या वजनाचे एकक) आहे, तर नेहमीची अँटिबॉडी, म्हणजे आयजीजी, 150ची. हा तुकडा म्हणजेच नॅनोबॉडी. ती जिवाणूंकडून बनवून घेता येते आणि तिचा अमिनो आम्लांचा क्रम ठाऊक असतो, म्हणून पुढची बॅचही तीच असते. माझ्या मते खरा फायदा हाच, पण बोलबाला झाला तो आकाराचा. त्यालाही कारण होते. पेशीतली 25 नॅनोमीटर जाडीची सूक्ष्मनलिका प्रायमरी आणि सेकंडरीचे थर चढल्यावर सुपर-रिझोल्यूशन (अतिसूक्ष्म तपशील दाखवणाऱ्या) चित्रात सुमारे 60ची दिसते.

उंदीर आणि सशाच्या आयजीजीला धरणाऱ्या नॅनोबॉडींचा मोठा संच 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ‘सेकंडरी’ या शब्दाचाच गुंता झाला. जुन्या सेकंडरीला दोन हात असतात. प्रायमरीत आधीच मिसळली तर गुठळ्या होतात, म्हणून ती धुऊन झाल्यावर दुसऱ्या पायरीला द्यावी लागते. नॅनोबॉडीला पकड एकच. ती प्रायमरीसोबत नळीतच मिसळून एकदम नमुन्यावर टाकता येते. मग ‘दुसरी’ पायरी उरलीच कुठे? दुसरी हे विशेषण क्रमाचे नसून लक्ष्याचे मानावे, असे मला ठामपणे वाटते: जी प्रायमरीला धरते ती सेकंडरी, मग ती कधीही दिलेली असो. हा वाद केवळ शब्दाचा नाही. नाव तेच म्हणून लोक जुनेच विरलीकरण वापरतात आणि जुन्याइतक्याच उजेडाची अपेक्षा धरतात. पॉलिक्लोनल सेकंडरी एका प्रायमरीवर अनेक बसतात, नॅनोबॉडी मात्र मोजक्याच जागी बसते. चित्र फिके आले की दोष नॅनोबॉडीवर जातो.

‘नॅनोबॉडी’ हा मुळात एका कंपनीचा ट्रेडमार्क आहे, म्हणून बऱ्याच शोधनिबंधांत ‘व्हीएचएच’ असे याच तुकड्याचे तांत्रिक नाव लिहिलेले आढळते.

जुन्या बाटलीवर ‘गोट अँटी-माउस’ (उंदराच्या अँटिबॉडीला धरणारी शेळीची अँटिबॉडी) एवढे वाचले की काम भागायचे. नव्या बाटलीवर ती धरते त्या प्रायमरीचा उपवर्गही असतो, आयजीजी1 किंवा आयजीजी2ए. त्यामुळे प्रायमरीच्या जुन्या नळ्यांवर कधीच न लिहिलेला उपवर्ग आता शोधून काढावा लागतो.