पोमोना ही ‘शाखा’ नव्हे

मुलगा ‘कॅल पॉली’ला, म्हणजे कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकला, निघालाय म्हटलं की नौपाड्यातल्या काकू विचारणारच, “पॉलिटेक्निक? ते तर दहावीनंतर इथेही होतं की!” आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हणजे डिप्लोमा, त्यात काकूंचा काय दोष? कॅलिफोर्नियात मात्र त्या नावाची विद्यापीठं आहेत. तिथे बीएस, एमएस होतं.

दुसरा गैरसमज जास्त चिवट: खरी कॅल पॉली सॅन लुईस ओबिस्पो या गावची, पोमोना गावची ती तिची दुय्यम शाखा. हे एके काळी खरं होतं. सॅन लुईसची संस्था 1901 ची, आणि 1938 मध्ये दक्षिणेत सॅन डिमासला तिचाच विभाग सुरू झाला. 1949 मध्ये कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉगचं अरबी घोड्यांचं रँच मिळालं आणि 1956 मध्ये बिऱ्हाड पोमोनाला हललं. पण 1966 मध्ये दोघी वेगळ्या झाल्या. आज प्रवेश वेगळा, पदवी वेगळी. वरची व्यवस्था तेवढी एकच, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी. सॅन लुईसला प्रवेश मिळणं जास्त कठीण, हे खरंच. त्यावरून पोमोनाचं इंजिनीअरिंग कच्चं ठरवणं हा नाक्यावरचा निकाल झाला.

आणि वैर म्हणाल, तर पॅसाडेनाच्या रोझ परेडचा, म्हणजे नववर्षाच्या फुलांच्या मिरवणुकीचा, चित्ररथ दोघी मिळून करतात. अर्धा सांगाडा इथे, अर्धा तिथे. मग सॅन लुईसचा अर्धा भाग तीनशेहून जास्त किलोमीटर ओढत पोमोनाला आणतात, जोडतात आणि विद्यार्थी फुलं, बिया चिकटवत बसतात.