एका मानेत दोन माना

हनुवटी छातीला टेकवा आणि तशीच ठेवून चेहरा हळूच डावीकडे, मग उजवीकडे वळवा. दोन्ही बाजूंना साधारण ४० ते ४५ अंशांवर चेहरा थांबतो. मान पूर्ण वाकली की खालचे सांधे ताणून जखडले जातात, त्यामुळे हे वळणं जवळजवळ सगळं वरच्या दोन मणक्यांमधलं असतं. आता मान ताठ करून वळवा. वळण ८० अंशांच्या आसपास जाईल. म्हणजे सात मणक्यांच्या मानेतलं निम्मं वळण एकट्या पहिल्या जोडीकडे आहे, आणि उरलेलं निम्मं बाकीचे सगळे मिळून वाटून घेतात. (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा संधिवात, असलेल्यांनी हा प्रयोग करू नये. कारण पुढे येतंच.)

मानेला एकच लवचीक दांडा समजलं की तिच्या तक्रारी कळत नाहीत. ती खरं तर दोन यंत्रं आहे, एकावर एक ठेवलेली.

वरचं यंत्र बारीक हालचालींचं. पहिला मणका ॲटलस, नुसतं हाडाचं कडं. बाकी मणक्यांना पुढच्या बाजूला जो ठोकळा असतो तो याला नाहीच. त्याच्या दोन उथळ वाट्यांत कवटी बसते आणि तिथे पुढे-मागे डुलते: ‘हो’ म्हणायचा सांधा हा. दुसरा मणका ॲक्सिस. त्यावर दातासारखा उभा खुंटा असतो आणि ॲटलसचं कडं त्याच्याभोवती फिरतं: ‘नाही’ म्हणायचा सांधा. गंमत अशी, की गर्भात ॲटलसचा ठोकळा होऊ शकला असता तो भागच ॲक्सिसला जोडला जाऊन हा खुंटा तयार होतो. खुंट्याच्या लगेच मागे मज्जारज्जू असतो. दोघांच्या मधे एक आडवा, चिवट अस्थिबंध पट्ट्यासारखा ताणलेला असतो आणि खुंटा मागे सरकू देत नाही. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये हाच पट्टा ढिला पडू शकतो. भूल देताना मान वाकवावी लागते, तेव्हा अशा रुग्णाच्या मानेची आधी तपासणी का करतात, हे त्यावरून लक्षात येईल.

या वरच्या दोन सांध्यांत गादी, म्हणजे डिस्क, नसते. पहिली गादी दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांमधे. तिथून खालचं यंत्र सुरू होतं: ठोकळा, गादी, ठोकळा, आणि मागे दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत कललेले छोटे सांधे. या उतारामुळे खालची मान नुसती कलत नाही. कान खांद्याकडे नेला की मणके त्याच बाजूला थोडे वळतातही. वाकण्याचं सर्वांत जास्त काम पाचव्या-सहाव्या मणक्यांमधे होतं, आणि झीजही तिथेच जास्त दिसते.

आता भाराचं गणित. डोकं साधारण ५ किलोचं, आणि त्याचा गुरुत्वमध्य कवटीच्या सांध्याच्या किंचित पुढे. म्हणून बसल्या बसल्या डुलकी लागली की डोकं बहुधा पुढेच पडतं, आणि जागेपणी मागचे स्नायू सतत थोडे ओढून धरावे लागतात. मान वाकवली की हा ‘किंचित’ वाढत जातो. समजा, खालच्या मणक्यांपासून डोक्याचा भार १२ सेंटिमीटर पुढे गेला आणि स्नायूंची ओढ ४ सेंटिमीटर मागे आहे. तोल सांभाळायला स्नायूंना तिप्पट, म्हणजे १५ किलोंची ओढ द्यावी लागेल. त्यात डोक्याच्या वजनाचा वाटा मिळवला की मणक्यावरचा दाब १८-२० किलोंवर जातो. ‘मोबाइल बघताना डोकं २७ किलोचं होतं’ हे वाक्य सगळीकडे फिरत असतं. त्याचं मूळ २०१४च्या एका संगणकीय गणितात आहे, आणि तो आकडा ६० अंश वाकलेल्या मानेवरच्या दाबाचा आहे, वजनाचा नव्हे. शिवाय पूर्ण वाकल्यावर बऱ्याच जणांत मागचे स्नायू चक्क सैल पडतात आणि भार अस्थिबंधांवर जातो. ते सावकाश ताणत राहतात. तासाभराने मान उचलताना जाणवणारा ताठरपणा काही अंशी यामुळे असतो. म्हणून ‘योग्य कोन’ शोधत बसण्यापेक्षा दर वीस-तीस मिनिटांनी स्थिती बदलणं जास्त उपयोगी.

खरी गोची दोन यंत्रं उलट दिशांना जातात तेव्हा होते. पडद्याकडे डोकं पुढे काढून बसलं, की खालची मान पुढे वाकते. नजर मात्र समोर हवी, म्हणून वरची मान मागे मोडते. कवटीखालचे आखूड स्नायू आवळलेले राहतात. या स्नायूंमधे ताण मोजणाऱ्या संवेदकांची फार दाटी असते. मानेत पुढच्या बाजूला खोलवर, मणक्यांना चिकटून असलेले स्नायू तेवढ्याच वेळात सुस्तावतात.

त्यांना जागं करायचा व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, गरज वाटली तर डोक्याखाली पातळ घडी ठेवा. हलकेच ‘हो’ म्हणावं तशी हनुवटी खाली आणा. डोकं उचलायचं नाही, जमिनीवर दाबायचंही नाही. १० सेकंद धरा, १० वेळा करा. कानामागून छातीकडे उतरणाऱ्या ठळक स्नायूवर बोट ठेवा: तो टणक झाला तर जोर जास्त लागतोय, किंवा श्वास रोखला जातोय. तसं झालं तर हालचाल निम्मी करा.

उशीचा हिशेबही यातूनच निघतो. कुशीवर झोपताना कान आणि खांद्याचं टोक यांतलं अंतर भरून निघेल एवढी जाडी हवी, पाठीवर त्याहून कमी. पालथं झोपणं वाईट, कारण ‘नाही’चा सांधा तासन्‌तास टोकाला वळलेला राहतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांपैकी दोन सहसा सहाव्या मणक्यापासून वरच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून चढतात आणि ॲटलसवर झोकदार वळण घेतात. झटका देऊन मान मोडून घेण्यात क्वचित त्यांचं अस्तर फाटतं आणि पक्षाघात होतो. प्रमाण कमी असलं तरी फायद्याच्या मानाने हा धोका महागच.

मणके सात आणि मज्जातंतूंच्या जोड्या आठ, म्हणून पाचव्या-सहाव्या मणक्यांमधून सहावी जोडी निघते. ती दबली तर कळ आणि मुंग्या अंगठ्याकडे जातात, सातवी दबली तर मधल्या बोटाकडे, आठवी दबली तर करंगळीकडे. यातल्या पुष्कळ तक्रारी काही आठवड्यांत ओसरतात. एमआरआयमध्ये फुगलेली गादी दिसली म्हणून घाबरू नये, काहीच दुखत नसलेल्यांतही ती सर्रास दिसते. वेळ दवडू नये ती वेगळ्या लक्षणांसाठी: शर्टाची बटणं लावताना दोन्ही हात चुकायला लागले, अक्षर बिघडलं, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा बदलला. हा मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो, आणि त्यात मान अजिबात दुखत नाही असंही होतं.